कात्री, टेप आणि काळोख : एक प्रस्तावना

फेब्रुवारी २००२मध्ये लंडनच्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात कायली मिनोग तिचे त्या काळचे सर्वांत गाजलेले गाणे गायली. शब्द त्या गाण्याचे, चालही त्याच गाण्याची. खाली मात्र ‘न्यू ऑर्डर’चा ‘ब्लू मंडे’ वाजत होता. मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ या बँडचा गायक इयन कर्टिस याने मे १९८०मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी आत्महत्या केली. मागे उरलेल्यांनी ‘न्यू ऑर्डर’ या नावाने पुन्हा सुरुवात केली आणि १९८३ साली साडेसात मिनिटांचे हे थंड, अजिबात न हसणारे नाचगाणे बाजारात आणले. झगमगती पॉप गायिका आणि हा काळवंडलेला ठेका यांची सोयरीक अनेकांना गमतीची वाटली. पण ‘ब्लू मंडे’ तरी कशाचा बनला आहे? त्यात उमटणारा वृंदगानाचा स्वर जर्मनीच्या ‘क्राफ्टवर्क’च्या १९७५ सालच्या ‘युरेनियम’मधून सॅम्पलरवर उचललेला आहे, आणि ठेक्याची कल्पना डोना समरच्या एका डिस्को गाण्यावरून सुचलेली. म्हणजे कायलीने आपले गाणे ज्याच्यावर चढवले, तेच मुळात जोडकाम होते.

अशा जोडकामांची ओळख मराठी वाचकाला करून देणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. गॉथिक आणि इंडस्ट्रियल ही पाश्चात्त्य संगीतातली दोन काळी घराणी. त्यांची दोन-तीन गाणी एकमेकांवर बसवून केलेला तो मॅशअप, आणि असे अनेक मॅशअप मध्ये न थांबता ऐकवणारी ती मिक्सटेप. हे शब्द आपल्याकडच्या तरुण श्रोत्यांना नवे नाहीत. त्यांच्यामागची हकिकत मात्र फारशी कुणी सांगितलेली नाही. अशा टेपबद्दल दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. गॉथिकचे निष्ठावंत म्हणतात, ही गंभीर गाण्यांची थट्टा आहे. संगीतातले जाणते म्हणतात, दुसऱ्यांची गाणी एकावर एक ठेवण्यात कसली आली निर्मिती? माझे म्हणणे असे की मॅशअप या संगीताला बाहेरून येऊन चिकटलेला नाही. कापणे, उचलणे, उलटे लावणे आणि नको तिथे जोडणे ही या घराण्यांची जुनी रीत आहे. इंडस्ट्रियलने ती उघडपणे पाळली, गॉथिकने जरा आडून. ही गोष्ट पटली, तर दोन्ही आक्षेपांची धार आपोआप बोथट होते.

आधी इंडस्ट्रियलची गोष्ट. १९७५ साली लंडनमध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ हा गट जमला. जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुटी, पीटर क्रिस्टोफरसन आणि क्रिस कार्टर असे चौघे. गटाची मुळे वाद्यवृंदात नव्हती, ‘कूम ट्रान्समिशन्स’ या प्रयोगकलेच्या मंडळीत होती. ऑक्टोबर १९७६मध्ये लंडनच्या समकालीन कलासंस्थेत त्यांनी भरवलेल्या प्रदर्शनावरून एवढे काहूर उठले, की एका खासदाराने त्यांना संस्कृतीचे विध्वंसक ठरवून टाकले. त्याच वर्षी त्यांनी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली, आणि मॉन्टी कझाझा या अमेरिकन कलावंताने सुचवलेल्या घोषवाक्यामुळे हे नाव पुढे संपूर्ण प्रकारालाच मिळाले. क्रिस कार्टर स्वतः यंत्रे जोडायचा. क्रिस्टोफरसन टेपचे तुकडे वाजवायचा. हॅकनीतल्या त्यांच्या तालमीच्या जागेला त्यांनी ‘मृत्यूचा कारखाना’ असे नाव दिले होते.

टेपचे तुकडे करण्याची ही विद्या त्यांना साहित्यातून मिळाली. १९५९ साली पॅरिसमध्ये ब्रायन गायसिन हा चित्रकार पुठ्ठे कापत असताना खाली अंथरलेली वर्तमानपत्रेही कापली गेली, आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्यावर विलक्षण वाक्ये तयार झाली. त्याचा मित्र विल्यम बरोज याने त्यातून लेखनाची एक पद्धतच घडवली आणि पुढे तीच कात्री ध्वनिफितीला लावली. १९८१ साली बरोजचे ते टेपवरचे प्रयोग तबकडीवर आणले ते ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’नेच. शेफील्डच्या ‘कॅबरे व्होल्टेअर’ची वंशावळ याहून जुनी. १९७३ साली सुरू झालेल्या या त्रिकुटाने नाव घेतले ते १९१६च्या झुरिकमधल्या ‘दादा’ या कलाचळवळीतल्या कलावंतांच्या कॅबरेचे. त्यातला क्रिस वॉटसन टेलिफोन इंजिनियर होता. टेप हे त्याचे मुख्य वाद्य. १९८१ साली त्यांनी दूरचित्रवाणीवरच्या एका अमेरिकन धर्मोपदेशकाची पैशासाठीची आर्जवे कापून ठेक्यावर बसवली. त्या माणसाविरुद्ध एक शब्दही स्वतःचा न घालता त्याला उघडे पाडले. मॅशअपचे सगळे शहाणपण त्या एका गाण्यात आहे. हाच वॉटसन पुढे डेव्हिड ॲटनबरो यांच्या निसर्गपटांसाठी पक्षी-प्राण्यांचे आवाज टिपणारा नामवंत ध्वनिमुद्रक झाला.

पश्चिम बर्लिनमध्ये १९८० साली ‘आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन’ हा गट उभा राहिला. वाद्ये म्हणून भंगारातले पत्रे, स्प्रिंगा, हातोडे आणि ड्रिल. जानेवारी १९८४मध्ये लंडनच्या एका कार्यक्रमात कलावंतांनी मंचालाच ड्रिल लावले, तेव्हा कार्यक्रम मध्येच थांबवावा लागला. लंडनचा ‘टेस्ट डिपार्टमेंट’ हा गटही लोखंड बडवायचा. पण १९८४-८५च्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपात तो संपकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला आणि दक्षिण वेल्सच्या संपकरी कामगारांच्या गायकवृंदाबरोबर त्याने एक तबकडी केली. या संगीतात फक्त विकृती शोधणाऱ्यांनी ती तबकडी जरूर ऐकावी. त्याच सुमारास ‘डिपेश मोड’ने लंडनच्या बांधकामांवरचे ठोकाठोकीचे आवाज मुद्रित करून सॅम्पलरमध्ये भरले, आणि १९८४ साली त्यांच्या ‘पीपल आर पीपल’मधून लोखंडाचा तो खणखणाट रेडिओवर, घराघरात पोचला.

गॉथिकचे कूळ वेगळे. ते पंकच्या राखेतून, गिटार आणि बास घेऊन आले. ‘बाउहाउस’ या नॉर्दम्प्टनच्या बँडने १९७९ साली ‘बेला लुगोसीज डेड’ काढले. जुन्या ड्रॅक्युलापटाच्या नटावरचे हे गाणे नऊ मिनिटांहून मोठे आहे, आणि गायकाचा आवाज यायलाच जवळपास तीन मिनिटे लागतात. तोवर ऐकू येते ते काय? ड्रमच्या कडेवरचा कोरडा ठोका आणि त्याचे लांबत जाणारे प्रतिध्वनी. ही प्रतिध्वनींची करामत जमैकाच्या डब संगीताची. म्हणजे गॉथिकचे आद्यगीत म्हणून ज्याची पूजा होते, त्या गाण्याचा प्राणच दुसऱ्या खंडातून आणलेला आहे. ‘सूझी अँड द बँशीज’, ‘जॉय डिव्हिजन’, ‘द क्युअर’ यांनी त्या काळोखाला आपापला रंग दिला, आणि जुलै १९८२मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ हा क्लब उघडल्यावर काळे कपडे, पांढरा चेहरा या वेषाला हक्काचे घर मिळाले.

ही दोन घराणी जवळ आली ती ड्रम मशीनमुळे. लीड्सच्या ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या बँडने १९८०च्या सुमारास ढोलवादकाऐवजी ड्रम मशीन घेतले, त्याला ‘डॉक्टर ॲव्हलांच’ असे नाव दिले आणि बँडचा सदस्य म्हणून मिरवले. माणसे आली-गेली, डॉक्टर टिकले. माणूस लय ओढतो-ढकलतो. यंत्र ढळत नाही. त्या न ढळणाऱ्या ठोक्यावर अँड्रयू एल्ड्रिचचा खर्जातला आवाज आला आणि गॉथिक गाणे नाचघरातल्या इंडस्ट्रियल गाण्याशेजारी लावता येऊ लागले. तिकडे बेल्जियममध्ये ‘फ्रंट २४२’, कॅनडात ‘स्किनी पपी’ आणि शिकागोत ‘मिनिस्ट्री’ यांनी इंडस्ट्रियलच्या गोंगाटाला शिस्तबद्ध नाचाचा ठेका दिला. शिकागोचे ‘वॅक्स ट्रॅक्स’ हे आधी रेकॉर्डचे दुकान होते, मग तीच कंपनी झाली. युरोपातल्या या तबकड्या अमेरिकेत पोचल्या त्या मुख्यतः तिथून. १९८९ साली ट्रेंट रेझनरच्या ‘नाइन इंच नेल्स’ने ‘प्रिटी हेट मशीन’ काढली, तेव्हा दोन्ही घराणी एकाच घरात नांदू लागली होती. आज जर्मनीत लाइपझिगला दरवर्षी पेंटेकोस्टच्या सुट्टीत भरणाऱ्या ‘वेव्ह-गोटिक-ट्रेफेन’मध्ये दोन्ही प्रकारचे श्रोते मिसळलेले दिसतात. तो मेळावा १९९२पासून चालू आहे.

आता उचलेगिरीचा हिशेब मांडू. रेझनरच्या १९९४ सालच्या ‘क्लोजर’चा दबका, हृदयाच्या ठोक्यासारखा ड्रम मूळचा इगी पॉपच्या १९७७ सालच्या ‘नाइटक्लबिंग’मधला, तो सॅम्पल करून बदलला आहे. ‘नाइटक्लबिंग’ ज्या तबकडीवर आहे, ती ‘द इडियट’ ही इयन कर्टिसने मरणाच्या रात्री ऐकलेली तबकडी. ‘केएमएफडीएम’ या हॅम्बुर्गच्या गटाने ‘गॉडलाइक’ या गाण्यात ‘स्लेयर’ या मेटल बँडची गिटार सरळ उचलली. ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ने १९९२ साली आपले ‘टेंपल ऑफ लव्ह’ नव्याने केले, तेव्हा येमेनी-ज्यू परंपरेतून आलेल्या ओफ्रा हाझाचा आवाज त्यात घेतला. हा आवाज पाश्चात्त्य नाचघरांना आधीच ओळखीचा होता. १९८७ साली ‘कोल्डकट’ने एका हिप-हॉप गाण्याच्या रीमिक्समध्ये तो सॅम्पल करून बसवला होता. काळ्या कपड्यांतल्या या मंडळींनी शुद्धतेचा कितीही आव आणला, तरी त्यांच्या घरातले निम्मे सामान शेजाऱ्यांचे आहे.

एकच गाणे हातोहात फिरताना काय होते हे पाहायचे, तर ‘टेंटेड लव्ह’सारखे उदाहरण नाही. १९६०च्या दशकात ग्लोरिया जोन्स या अमेरिकन गायिकेने ते धावत्या सोल ठेक्यावर म्हटले आणि ते फारसे चालले नाही. १९८१ साली लीड्सच्या ‘सॉफ्ट सेल’ने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर ते पुन्हा केले, आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. १९८५ साली, पूर्वी ‘थ्रॉबिंग ग्रिसल’मध्ये असलेल्या क्रिस्टोफरसनने जॉन बॅलन्सबरोबर, ‘कॉइल’ या नावाने, तेच गाणे प्रेतयात्रेच्या संथ गतीत म्हटले. तो एड्सच्या साथीचा काळ होता; तबकडीचे उत्पन्न त्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिले गेले. शब्द तेच, पण प्रेमाला लागलेला डाग आता रक्तातला होता. २००१मध्ये मॅरिलिन मॅन्सनने त्याच गाण्याला कर्कश गिटारींचे कपडे चढवले, आणि २००६ साली रिहानाने ‘सॉफ्ट सेल’चा ठेका सॅम्पल करून आपले ‘एसओएस’ उभारले. चार दशके, पाच घरे, एक गाणे. प्रत्येक नव्या मांडणीने आधीच्या मांडणीवर टीका केली आहे. चांगला मॅशअप हेच करतो; फरक एवढाच, की तो दोन मांडण्या एकाच वेळी ऐकवतो.

मिक्सटेपची परंपरा समजायला मराठी वाचकाला दूर जावे लागणार नाही. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली, आणि सामान्य श्रोत्याच्या हाती गाण्यांचा क्रम ठरवण्याची सत्ता आली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या दुकानात कागदावर गाण्यांची यादी देऊन टेप ‘भरून’ घेत. आधी कोणते, शेवटी कोणते, साठची घ्यायची की नव्वदची, यावर घरात खल चालत असे. पश्चिमेतल्या इंडस्ट्रियल मंडळींना कॅसेट म्हणजे कंपन्यांना आणि दुकानांना वगळून थेट श्रोत्यापर्यंत जाणारी वाट वाटली. ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ने तर आपल्या मैफलींच्या कॅसेटी ब्रीफकेसमध्ये भरून विकल्या. पुढे हिप-हॉपच्या प्रभावाने ‘मिक्सटेप’ हा शब्द कॅसेट नसलेल्या, फुकट वाटलेल्या संग्रहालाही लागू झाला. टोरंटोच्या ‘द वीकेंड’ने मार्च २०११मध्ये ‘हाउस ऑफ बलून्स’ ही मिक्सटेप इंटरनेटवर फुकट सोडली. तिच्या नावगाण्यात ‘सूझी अँड द बँशीज’चे १९८०चे ‘हॅपी हाउस’ सॅम्पल केलेले आहे. गॉथिकच्या घरातला एक दिवा असा आर अँड बीच्या घरात गेला, आणि ज्यांनी सूझीचे नाव कधी ऐकले नव्हते, त्यांच्याही कानात बसला.

मॅशअपचा आजचा अवतार नव्वदच्या दशकातला. १९९४ साली अमेरिकेतल्या ‘इव्होल्यूशन कंट्रोल कमिटी’ने ‘पब्लिक एनिमी’चे संतप्त रॅप हर्ब अल्पर्टच्या खुशालचेंडू ट्रम्पेटवर बसवले. इंग्लंडमध्ये २०००च्या आसपास घरच्या संगणकावर अशी कामे करणाऱ्यांची लाट आली. त्यातला रिचर्ड एक्स याने अडीना हॉवर्डचा आवाज गॅरी न्यूमनच्या ‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?’ या १९७९ सालच्या गाण्यावर ठेवला. ती बेकायदा तबकडी इतकी गाजली, की ‘शुगाबेब्ज’ने ते जोडगाणे रीतसर परवानगीने पुन्हा म्हटले आणि २००२ साली ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. यंत्रमानवांच्या एकाकीपणावरची न्यूमनची ती थंडगार धून इंडस्ट्रियलवाल्यांच्या पाठांतरातली. रेझनरने न्यूमनचे ऋण अनेकदा मान्य केले आहे. सर्वांत यशस्वी मॅशअपांपैकी एक असा काळ्या सिंथेसायझरच्या पायावर उभा आहे, हा योगायोग नव्हे. त्या संगीताची रचनाच अशी, की त्यावर दुसरे काही ठेवायला जागा उरते.

ही जागा कशी उरते, हे थोडे खोलात पाहू, कारण टेप ऐकताना इथेच कान लावायचा आहे. पहिली गोष्ट लय. ‘ब्लू मंडे’ मिनिटाला सुमारे १३० ठोक्यांचा, ‘क्लोजर’ ९०चा. पूर्वी तबकडी किंवा टेप सहा टक्के जलद फिरवली, की आवाज अर्ध्या स्वराने चढायचा. आता संगणक लय आणि स्वर वेगवेगळे हलवतो. तरीही ताणाला मर्यादा आहेच: ९०चे गाणे १३०पर्यंत ओढले, तर गायक माणूस राहत नाही. म्हणून जाणता माणूस ओढाताण न करता मुळातच जवळच्या लयीची, किंवा एकाच्या दुप्पट दुसरी अशी गाणी निवडतो. दुसरी गोष्ट स्वर. गॉथिक गाणे बऱ्याचदा एकाच उदास स्वरसंगतीवर रेंगाळते, त्यामुळे वरच्या चालीला मोकळीक मिळते. इंडस्ट्रियलमधला ओरडलेला, यंत्रातून खरवडून काढलेला आवाज तर धड कुठल्या स्वरात नसतोच. तो कुठल्याही पट्टीवर खपतो. अडचण येते ती खर्जात. एल्ड्रिचसारखा खोल आवाज आणि सिंथेसायझरचा जाड बास एकाच पट्ट्यात येतात आणि नुसता गाळ होतो. एकाला चाळून बारीक करावेच लागते. याउलट ‘न्यू ऑर्डर’च्या पीटर हूकसारखा वादक बास गिटारच्या वरच्या सुरांत चाल वाजवतो, आणि खालचा मजला दुसऱ्याच्या ठेक्याला मोकळा सोडतो. तिसरी गोष्ट मात्रांची. ही गाणी चार चार मात्रांच्या आवर्तनांनी, आठ किंवा सोळा आवर्तनांच्या मजल्यांनी बांधलेली असतात. मजला चुकला, की सम चुकल्यासारखे होते, आणि श्रोत्याला कारण सांगता आले नाही तरी खटकते.

पूर्वी सर्वांत मोठी अडचण होती ती सुटा आवाज मिळवण्याची. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला कधीतरी साथीशिवायचे गाणे असे, ते धुंडाळावे लागे. इथे रेझनरने वेगळा पायंडा पाडला. २००५ साली त्याने ‘द हँड दॅट फीड्स’चे सगळे सुटे ट्रॅक लोकांना कापाकापीसाठी देऊन टाकले, २००८ची ‘घोस्ट्स’ ही चार भागांची कृती तर मोकळ्या परवान्याखाली काढली. त्यातल्या बँजोच्या एका तुकड्यावर एका डच तरुणाने ठेका बांधला, लिल नॅस एक्सने तो तीस डॉलरना घेतला, आणि २०१९ साली ‘ओल्ड टाउन रोड’ अमेरिकेत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याच वर्षी डीझर कंपनीने तयार गाण्यातून आवाज, ड्रम, बास वेगळे करणारी ‘स्प्लीटर’ ही प्रणाली फुकट खुली केली. आता कुणालाही कुठल्याही गाण्याची चिरफाड करता येते. याचा परिणाम दुहेरी झाला. कौशल्य स्वस्त झाले, निवड महाग झाली. काय जोडता येते याचे नवल आता उरलेले नाही. का जोडले, याचे उत्तर द्यावे लागते.

या उत्तरात विनोदालाही जागा आहे. २०१३ साली ‘पॉमडीटर’ या नावाने वावरणाऱ्या एकाने ‘नाइन इंच नेल्स’च्या ‘हेड लाइक अ होल’मधला संताप कार्ली रे जेप्सनच्या ‘कॉल मी मेबी’ या लाडिक गाण्याच्या साथीवर बसवला. पहिल्यांदा हसू येते. दुसऱ्यांदा ऐकताना कळते, की रेझनरची चाल मुळात किती पक्की पॉपची चाल आहे. गोंगाटाने ती झाकली होती एवढेच. थट्टेने गाण्याचा अपमान झाला नाही, त्याची ताकद कुठे आहे ते दिसले. गॉथिक मंडळींनाही स्वतःवर हसण्याचे वावडे कधी नव्हते. ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ मैफलीत ‘अबा’चे गाणे म्हणायचे ते काही चुकून नव्हे.

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. पहिली मालकीची. २००४ साली डेंजर माउसने जे-झीचे रॅप ‘बीटल्स’च्या तुकड्यांवर बसवून ‘द ग्रे अल्बम’ केला, तेव्हा ईएमआय कंपनीने त्याचे वितरण थांबवण्याची नोटीस धाडली. त्याहून बोलका खटला ‘क्राफ्टवर्क’चा. १९७७ सालच्या ‘मेटाल आउफ मेटाल’मधला धातूवर धातू आपटण्याचा दोन सेकंदांचा तुकडा मोझेस पेलहम या निर्मात्याने १९९७मध्ये एका रॅप गाण्यात फिरवून फिरवून वापरला. त्या दोन सेकंदांचा वाद जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत आणि २०१९ साली युरोपीय न्यायालयापर्यंत जाऊन दोन दशकांहून अधिक काळ चालला. लोखंडाचा आवाज कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न ज्या संगीताने उभा केला, त्याच्याच पूर्वजांना तो कोर्टात सोडवावा लागला. कायदा देशागणिक बदलेल. नीती साधी आहे: ज्याचे घेतले त्याचे नाव ठळक सांगावे आणि दुसऱ्याच्या घामावर आपण पैसे करू नयेत.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. इंडस्ट्रियलने फॅसिझमच्या खुणा, गणवेश, छळछावण्यांची चित्रे वापरली. स्लोव्हेनियातल्या त्रबोव्हल्ये या खाणींच्या गावात १९८० साली जन्मलेला ‘लायबाख’ हा गट सत्तेची भाषा इतक्या गंभीर चेहऱ्याने बोलतो, की ऐकणाऱ्याला तिचा कंटाळा आणि किळस यावी. जर्मनीच्या ‘डीएएफ’ने १९८१मध्ये मुसोलिनीच्या नावाने नाचाचा हुकूम सोडला, त्यामागेही बोचरा उपरोध होता. पण उपरोध संदर्भावर जगतो. मॅशअप करणाऱ्याने घोषणा तेवढी कापून घेतली आणि संदर्भ मागे टाकला, तर उरते ती नुसती घोषणा, तीही नाचता येईल अशी. युद्धे आणि कत्तली यांची चित्रे ‘काळे दिसते’ म्हणून सजावटीला लावणाऱ्या टेपा मी ऐकल्या आहेत. त्यांना मी वाईट कला म्हणतो. कात्री चालवणाऱ्याने आपण काय मागे टाकले याचा जाब दिला पाहिजे.

शेवटी टेप म्हणून टेपची परीक्षा. तासभर एकाच लयीचा घणाघात म्हणजे काळोख नव्हे, नुसता थकवा. चांगल्या टेपमध्ये गोंगाटानंतर एखादा उघडा बास एकटा चालू राहतो, ठेका थांबतो, प्रतिध्वनी विरतो आणि मग पुढचे गाणे येते. अनोळखी गाण्याला ओळखीचे गाणे हात धरून आणते. मराठी कानाला हे काही अवघड नाही. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर अमक्या पदाच्या चालीवर असे छापलेले असे. १८८०च्या ‘संगीत शाकुंतल’पासून आपण लावणीच्या, कीर्तनाच्या, कानडी पदांच्या चालींवर नवे शब्द ऐकत आलो, आणि कुणी त्याला चोरी म्हटले नाही. प्रश्न एकच विचारला गेला: चाल आणि शब्द एकमेकांना शोभले का?

तोच प्रश्न घेऊन पुढची प्रकरणे वाचावीत, आणि वाचण्याआधी थोडे ऐकावे. ‘बेला लुगोसीज डेड’ पूर्ण नऊ मिनिटे, मध्ये न थांबवता. मग नॉयबाउटेनची १९८१ची ‘कोलाप्स’, निदान एक बाजू. ‘नाइटक्लबिंग’ आणि लगेच ‘क्लोजर’. ‘टेंटेड लव्ह’ तीन वेळा: ग्लोरिया जोन्स, ‘सॉफ्ट सेल’, ‘कॉइल’, याच क्रमाने. एवढे कानाखालून गेले, की कुठलीही गॉथिक-इंडस्ट्रियल मिक्सटेप लावा आणि एक कसोटी हाताशी ठेवा. मॅशअप संपल्यावर त्यातली दोन्ही मूळ गाणी पुन्हा ऐकावीशी वाटली, तर करणाऱ्याने आपले काम चोख केले. तसे वाटले नाही, तर ते काम फसले असे खुशाल समजा.